ठेंगणी उन्हाळी फुलझाडं: खत कमी, कात्री जास्त

रोपवाटिकेतून आणलेलं गच्च भरलेलं, वीतभर उंचीचं रोप दोन महिन्यांत लांबतं, मधून फाटतं आणि पहिल्याच सरीत आडवं होतं. दोष जातीचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं, नत्र जास्त झालेलं असतं आणि कात्री वेळेवर चाललेली नसते. आणखी एक कारण सहसा कुणी सांगत नाही: विक्रीच्या काही रोपांना वाढ आवरणारं रसायन दिलेलं असतं. त्याचा असर ओसरला की रोप आपल्या खऱ्या उंचीला जातं. म्हणून घेताना आज ते केवढं दिसतंय ते पाहू नका, जातीचं नाव विचारा.

दरवर्षी पुन्हा फुटणाऱ्या, म्हणजे बहुवर्षायू झाडांपैकी काही जाती मुळातच बुटक्या आहेत. गेलार्डियाची ‘गॉब्लिन’ ३० सें.मी.च्या आसपास राहते. साल्व्हिया नेमोरोसाची ‘मार्कस’ तेवढीच किंवा थोडी कमी. कोरिऑप्सिसच्या ‘अर्ली सनराइज’ आणि ‘मूनबीम’ ४५ सें.मी.पर्यंत जातात. डे लिलीमध्ये ‘स्टेला द ओरो’ला आम्ही पहिली पसंती देऊ. १९७५ साली नोंदलेली ही जात साधारण ३० सें.मी.ची. तिचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असतात आणि दांडे पुन्हा पुन्हा येतात. जिथे कडाक्याची थंडी पडत नाही तिथे सदाफुलीच्या बुटक्या जातीही वर्षानुवर्षं टिकतात.

वाफा

या सगळ्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळालं की खोड उजेडाकडे ताणतं, मग कितीही छाटा, झाड विरळच राहतं.

दुसरी अट निचऱ्याची. ३० सें.मी. खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्या आणि लगेच दुसऱ्यांदा भरा. या वेळी पाणी तासाला अडीच सें.मी.पेक्षा कमी उतरत असेल, तर वाफा १५ ते २० सें.मी. उंच करा. चिकणमातीत मूठभर वाळू टाकून काही साधत नाही, उलट माती आणखी घट्ट होऊ शकते. चांगलं कुजलेलं कंपोस्ट ५ सें.मी. जाडीचं पसरून वरच्या २० सें.मी. मातीत मिसळा. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, असतानाच खणा. ओली खणली की ढेकळं बनतात.

दोन रोपांत २५ ते ३० सें.मी. अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा ओका दिसतो, म्हणून लोक दाटीने लावतात आणि पुढे भुरी रोगाची, म्हणजे पानांवर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीची, तक्रार करतात. हवा खेळायला ती जागा लागतेच. लावताना रोपाचा बुंधा पिशवीत होता त्याच पातळीवर ठेवा. आच्छादन ५ सें.मी. घाला, मात्र बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. गेलार्डिया बुंध्याशी ओल धरून राहिली की तिथूनच सडते.

कुंडी

एका रोपाला २५ ते ३० सें.मी. व्यासाची कुंडी पुरते. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहते आणि आंबते. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची सवय सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते त्या थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे मुळांजवळची चिखलाची पातळी उलट वर सरकते. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. दोन भाग कंपोस्ट, एक भाग बागेची माती आणि एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा भरड वाळू, असं मिश्रण घ्या. काठाखाली तीन सें.मी. जागा पाण्यासाठी रिकामी ठेवा.

बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत द्या. पाणी घालताच लगेच तळातून वाहून गेलं, तर फसू नका: माती सुकून आकसलेली असते आणि पाणी कुंडीच्या कडेकडेने निसटतं, मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास बसवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. हळूहळू विरघळणारं संतुलित दाणेदार खत लिटरभर मिश्रणाला ३ ग्रॅम, हंगामाच्या सुरुवातीला एकदाच. वाफ्यात वेगळं खत बहुधा लागतच नाही. पानं गर्द हिरवी, लुसलुशीत आणि कळ्या नाहीत, असं दिसलं तर नत्र जास्त झालंय; त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीडही आधी येते.

कात्री

साल्व्हिया, कोरिऑप्सिस आणि सदाफुली १५ सें.मी. झाली की शेंडा खुडा, वरच्या पानांच्या जोडीसकट. खालच्या पानांच्या बगलेतून दोन-दोन फुटवे निघतात. साल्व्हिया वाढली असेल तर कळी धरण्याआधी वरचा एक तृतीयांश भाग कापा. फुलं काही आठवडे उशिरा येतील, पण झाड टेकूशिवाय उभं राहील. डे लिलीचा शेंडा मात्र खुडायचा नाही. तिची पानं आणि दांडा जमिनीलगतच्या गड्ड्यातून येतात, तिथे बगलेतला फुटवा नसतो.

सुकलेलं फूल काढताना नुसत्या पाकळ्या ओढू नका. डे लिलीच्या फुलामागे छोटा हिरवा फुगीर भाग असतो. तो राहिला की बोंड धरतं आणि झाडाची ताकद बियांत जाते. गेलार्डियाच्या पाकळ्या गळल्यावर उरणारा केसाळ गोळा दिसायला छान, पण तेही बीच. देठ खालच्या पानापर्यंत कापा. साल्व्हियाचा तुरा खालून वर फुलतो. दोन तृतीयांश सुकला की बाजूच्या फुटव्याच्या वर कापा. पहिला बहर ओसरल्यावर सगळं झाड एक तृतीयांश उतरवून भरपूर पाणी दिलं, तर साधारण महिन्याभरात दुसरा बहर येतो.

कोरड्या उन्हात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर ती लाल कोळी ही बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारा. तरी हटला नाही तर लिटरला ५ मि.ली. निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, संध्याकाळी.

गेलार्डिया आणि मोठ्या फुलांची कोरिऑप्सिस दोन-तीन वर्षांत थकतात, त्यांची नवी रोपं आधीच तयार ठेवा. डे लिली तीन-चार वर्षांनी मधून विरळ होते. बहर संपल्यावर गड्डा उकरा, प्रत्येक भागाला पानांचे दोन-तीन पंखे ठेवून हाताने सोडवा, पानं १५ सें.मी.वर कापा आणि मूळ व पान जुळतात तो भाग मातीखाली दोन सें.मी. राहील असा लावा. त्याहून खोल गेला तर फुलं कमी येतात.