हाताने घडवलेला दागिना घ्यायचाय? आधी कपाट उघडा, मग दागिना उलटा करा

माझ्याकडे एक तन्मणी आहे. मोठ्ठं खोड (मधलं पदक), मोत्यांचे पाच सर, बघताक्षणी प्रेमात पडले होते, मावसबहिणीच्या लग्नात एकदा मिरवला आणि त्यानंतर आज सहा वर्षं झाली तो डबीतच पडलाय. त्याच दिवशी उरलेल्या पैशात सहज म्हणून चांदीची एक बारीकशी ठुशी उचलली होती, ती मात्र ऑफिसला, भाजी आणायला, बँकेत, सगळीकडे गळ्यात असते, तिचा मागचा गोंडा दोनदा बदलून झालाय. तन्मणीत काही खोट नाहीये हो, पण मी घेतला तेव्हा मी त्या तन्मणीकडे बघत होते, स्वतःकडे बघत नव्हते. तेव्हापासून मैत्रिणींबरोबर सराफाकडे किंवा प्रदर्शनाला गेले की माझी कटकट सुरू होते, ती सगळी इथे एकदाच लिहून टाकते.

तर दुकानात जायच्या आधी कपाट उघडा आणि गेल्या महिन्याभरात खरंच घातलेले कपडे पलंगावर टाका. खरंच घातलेले, "घालायचेत कधीतरी" वाले नाही. आता फक्त गळे बघा. बंद गळ्याच्या किंवा कॉलरवाल्या कुर्त्या जास्त निघाल्या तर ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक हे सगळं गळ्याला चिकटून बसणारं प्रकरण त्या कॉलरखाली गुदमरणार, तुम्हाला मोहनमाळ, पोहेहार, बोरमाळ असं खाली उतरणारं काहीतरी बघायला हवं. आणि उघड्या कॉलरचे शर्ट घालत असाल तर उलट, दोन बटणं उघडी आणि आत बारीक ठुशी, याच्याइतकं झकास काही नाही, यासाठी साडी लागत नाही की सण लागत नाही. व्ही गळ्यात छोट्या खोडाचा एक-दोन सरांचा तन्मणी मस्त बसतो (हे मला माझा मोठा तन्मणी घेतल्यावर कळलं). ब्लाउजच्या गळ्यावरच भरगच्च आरी वर्क केलंय का? मग गळा मोकळा सोडा आणि पैसे कानात घाला. इकत, अजरख, मोठी प्रिंट असे कपडे खूप असतील तर साधी, एकाच धातूची, खडे नसलेली वस्तू बघा, नाहीतर दोघांची भांडणं होतात आणि आपण मध्ये उभे.

आता एक सुती दोरी घ्या, गळ्यात घाला, आरशासमोर उभं राहून वरखाली करा आणि जिथे ती छान दिसते तिथे गाठ मारून ती दोरी पर्समध्ये टाका. मोबाईलवरच्या फोटोत हार किती लांब आहे ते कधीच कळत नाही कारण घालणारीची मान आपल्या मानेसारखी नसते. ऑनलाइन घेत असाल तर लांबी इंचात विचारा आणि आपल्या दोरीशी ताडून बघा, एवढ्या एका गोष्टीने निम्मे पस्तावे वाचतात.

कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका दुकानात मी कोल्हापुरी साज (नक्षीची छोटी पानं ओवलेला हार) घालून आरशासमोर वळून वळून बघत होते तर तिथले काका म्हणाले, "ताई, आरशात नगा बघू, आधी मान हलवून बघा." मी मान हलवली तर साजाची दोन पानं उलटी झाली आणि एक मणी टोचायला लागला. तिथून पुढे माझा नियमच झाला, दागिना अंगावर घालून पाच मिनिटं नेहमीची कामं करायची. वाकायचं, फोन कानाला लावायचा, ओढणी घेऊन काढायची, केस सोडायचे. फोन लावताना झुबा गालाला टोचत असेल तर तो झुबा तुमच्या रोजच्या आयुष्यातला नाही. दिवसभर कीबोर्डवर हात असेल तर तोडे-पाटल्या टेबलावर आपटत राहतात आणि तासाभरात तुम्ही काढून ड्रॉवरमध्ये टाकता. घरात लहान बाळ असेल तर लोंबणारं काहीही, म्हणजे काहीही, दोन वर्षं विसरा, कुड्या घ्या. मोत्यांची ती छोटी फुलासारखी कुडी तशी कुठल्याही वयाला आणि कुठल्याही कपड्यावर जाते, जीन्सवरसुद्धा, आणि अजूनही लोक तिला आजीच्या खात्यात का टाकतात मला समजत नाही.

कानातल्याचं वजन विचारा, नुसतं "हलकं आहे हो" यावर जाऊ नका. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुमचं सगळ्यात आवडतं, दिवसभर चालणारं कानातलं ठेवून त्याचा आकडा लक्षात ठेवा, माझे कान एका बाजूला 8 ग्रॅमच्या वर गेले की संध्याकाळपर्यंत तक्रार करतात, तुमचे कदाचित नाही करणार. जड झुमके हवेच असतील तर सोबत कानावरून जाणारे वेल घ्या, ते दिसतात तर छानच पण मुळात वजन पाळीवरून उचलतात.

बांगडीच्या मापाची एक गंमत. 2.4, 2.6, 2.8 हे दशांश नाहीत, ते इंच आणि आणे आहेत. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग, म्हणजे 2.4 म्हणजे सव्वादोन इंच आणि 2.8 म्हणजे बरोबर अडीच, बांगडीचा आतला व्यास. काचेच्या बांगडीला हात दाबून सरकवता येतं पण हाताने घडवलेल्या गोठाला किंवा तोड्याला ती सोय नाही, म्हणून घरातली नीट बसणारी बांगडी पट्टीने मोजून जा. आणि फासा-पेचवालं, म्हणजे अडकवून बंद करायचं, घेत असाल तर तो फासा स्वतःच्या एका हाताने लावून बघा, दुकानदाराने लावून दिलेला मोजायचा नाही. रोज सकाळी तो येणार आहे का लावायला?

आता मुख्य मुद्दा, उलटा करून बघा. समोरून सगळेच दागिने सुंदर असतात. हातकामाची पाठ बघितली की झाळ (जोडायचा डाग) कुठे दिलीय, तार कशी वळवलीय, कड्या पूर्ण बंद आहेत की फट राहिलीय हे दिसतं. पाठ स्वच्छ असेल, टोकं घासून गोल केलेली असतील तर कारागिराने वेळ दिलाय. पाठीवरून बोट फिरवा आणि मग एखाद्या जुन्या सुती ओढणीवरून दागिना ओढून बघा, धागा अडकला तर तुमची चांगली साडी पण अडकणार. जोडीतल्या दोन कानातल्यांत केसभर फरक असेल तर घाबरू नका, तो हाताचा फरक आहे. एका ट्रेमध्ये वीस पीस अगदी एकसारखे, कडेला साच्याची बारीक रेघ, आणि वर "हॅन्डमेड आहे मॅडम", तर ते बहुतेक ओतीव, म्हणजे साच्यात ओतून काढलेले आहेत. ओतीव वाईट नसतं, फक्त हातकामाचे पैसे त्याला द्यायचे नाहीत. आणि ठशाचं काम म्हणजे फसवणूक असंही समजू नका, पुतळ्यांचा हार ठशावरच घडत आलाय, पत्रा ठशात ठोकून पुतळी उठवायची आणि मग हाताने जोडायची, ओवायची. हातचं म्हणजे कुठलंच हत्यार लावलं नाही असं नसतं.

सोन्यात घेणार असाल तर लाखेचा (मण्यांच्या आत भरतात त्या राळेचा) प्रश्न नक्की विचारा. बोरमाळ, साज यांचे मणी पुष्कळदा पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेले असतात, म्हणून ते एवढे भरदार दिसूनही परवडतात आणि चेपत नाहीत. त्यात लबाडी नाही, जुनी रीतच आहे. पण बिलावर लाखेसकट वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या, कारण मोडायला जाल तेव्हा लाख कोणी विकत घेत नाही. आणि असा दागिना गरम पाण्यात कधी टाकू नका, लाख वितळते. हॉलमार्कचं थोडक्यात: 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर (त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही, 22 कॅरेटवर 916 असतं, 18 वर 750, आणि तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की डिटेल्स दिसतात. 2 ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणजे छोटी नथ, चमकी असलं काही घेताना शिक्क्यावर नाही तर सराफावर भरवसा ठेवायचा आहे, तेव्हा बिल घ्याच. घडणावळ ग्रॅमवर लावलीय की टक्क्यांत हे आधी विचारा, हातकामाची जास्त असणार आणि असावी, त्यात घासाघीस करायला मला तरी लाज वाटते.

साजाबद्दल थोडं जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पूर्ण कोल्हापुरी साजात 21 पानं असतात असं सांगतात, दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन लाल-हिरव्या खड्यांची आणि एक ताईत. अंगाने भरलेल्या, नऊवारी किंवा जाड काठाची साडी नेसणाऱ्या बाईवर तो असा काही उठून दिसतो की बास. पण तुम्ही आठवड्यातले सहा दिवस कुर्ता-पॅन्टवर असाल तर पूर्ण साज वर्षातून दोनदा निघेल, एकदा दसऱ्याला आणि एकदा फोटोसाठी. त्यापेक्षा मोजक्या पानांचा छोटा साज चांदीत करून घ्या, कारागीर करून देतात, किंवा साजाचं एकच पान काळ्या दोऱ्यात ओवा. आणि ठुशी, त्याखाली साज, त्याखाली मोहनमाळ, शिवाय नथ, बुगडी, वाकी हे सगळं एकदम नको. गौरी बसवतो तेव्हा ठीक आहे, आपण गौर नाही, आपल्याला बसमध्ये चढायचंय.

नथीचंही तसंच. टोचलेलं नसेल तर चापाची घ्या पण चाप घालून पंधरा मिनिटं दुकानातच बसा, कारण पहिल्या मिनिटाला सगळ्याच बऱ्या वाटतात. नाक छोटं असेल तर गालभर पसरणारी नथ चेहराच खाऊन टाकते. मोती "बसऱ्याचे" सांगून कोणी स्वस्तात देत असेल तर हसून पुढे जा, ते आखातातले नैसर्गिक मोती, बसरा बंदरावरून नाव पडलेलं, ते हजार-दोन हजारात मिळत नसतात. मोती खरा की प्लास्टिकचा हे बघायला दातावर हलकेच घासा, खरा मोती किंचित खरखरीत लागतो. संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त अत्तर आणि हेअरस्प्रे आधी, मोती सगळ्यात शेवटी.

चांदीसाठी माझं मन हुपरीला जातं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हातकणंगले तालुक्यातलं गाव, चंदेरी नगरी म्हणतात, पैंजणांसाठी प्रसिद्ध. पैंजण घेताना टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारा. बारीक कड्या झाळून जोडलेल्या असतात आणि झाळेत नुसती चांदी नसते, म्हणून अशा दागिन्याचा टंच कमी येतो, त्यात नवल नाही, पण मग भावही त्या टंचाचा लावला पाहिजे. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. घुंगरू वाजवून बघा आणि खरंच विचार करा की हा आवाज तुम्हाला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये चालणार आहे का, माझ्या मैत्रिणीला चालतो, मला नाही चालत. ऑक्सिडाइज्ड चांदी काळपट असते ती मुद्दाम गंधकाचं रसायन लावून केलेली, तिला टूथपेस्टने घासून चकचकीत केलंत की नक्षीतला काळेपणा गेला आणि दागिना बेचव झाला, हे मी स्वतःच्या हाताने केलंय. आणि "जर्मन सिल्व्हर"मध्ये सिल्व्हर नसतं, तांबं, जस्त आणि निकेल असतं. कानाला खाज येत असेल, लाल होत असेल तर अनेकदा तो निकेलचाच प्रताप असतो, तिथे निदान कानात जाणारी तार तरी चांदीची करून घ्या.

बजेट कमी असेल तर खणाच्या कापडाचे, टेराकोटाचे, डोकऱ्याचे दागिने बघा, स्टाईल त्यातही होते आणि कधीकधी जास्त होते. डोकऱ्यात मेणाचं मॉडेल करून वर माती लावतात, मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या जागी पितळ ओततात, मग माती फोडावी लागते, म्हणून हुबेहूब दुसरा पीस निघत नाही. ज्यांना सगळ्यांसारखं घालायचा कंटाळा आहे त्यांनी इकडे यावं, पण वजन बघून, डोकरा जड असतो. टेराकोटा पडला की संपला, धांदरट माणसांनी (हात वर) लांब राहावं. खणाचं पेंडंट घेताना कड कशी बंद केलीय ते बघा, नुसत्या गमावर असेल तर पहिल्या घामातच दशा निघतात.

करून घेणार असाल, आजीच्या फोटोतल्यासारखं वगैरे, तर फोटोबरोबर ती दोरीपण द्या, मागे दोन-तीन जास्तीच्या कड्या मागा म्हणजे लांबी कमीजास्त करता येते, आणि तुटलं तर दुरुस्त करून देणार का हे ऑर्डर देतानाच विचारा. लग्नसराईच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, घाईत झाळ कच्ची राहते. ओवलेले दागिने दर दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडून) गाठवून घ्या, दोरा आधी मळतो, मग विरतो, आणि तुटतो तो नेमका कार्यालयाच्या जिन्यात.

माझा तन्मणी मी पुढच्या महिन्यात सोडवून घेणारे. पाच सरांचे दोन करायचे, उरलेल्या मोत्यांच्या कुड्या बहिणीला, आणि खोड जरा मोठंच आहे तर ते आईच्या अंबाड्याला लावता येतं का ते विचारायचंय.