मित्रांसाठी लाकडी गिफ्ट घरीच बनवताय? या चुका टाळा

मागच्या जुलैत मैत्रिणीच्या नवीन घरासाठी चाव्या अडकवायची पट्टी बनवली होती, सागाची, फूटभर लांब आणि चार इंच रुंद, दोरीने टांगायची. समोरून वार्निशचे तीन हात मारले, मागची बाजू कोणाला दिसणार म्हणून कोरीच सोडली. दिवाळीत तिच्याकडे फराळाला गेले तर पट्टीच्या कडा मागे वळलेल्या, पोट पुढे आलेलं आणि एका हुकापाशी बारीक चीर. ती काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं, कारण चूक पूर्णपणे माझी होती आणि सहज टाळता आली असती.

झालं असं की लाकूड ओलं होतं. वडोदऱ्यात जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की लातीवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून आणलेला तुकडा हाताला कोरडा लागला तरी आत पाणी धरून असतो, आणि ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की ते पाणी बाहेर पडतं. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीला. त्यात मी समोरची बाजू वार्निशने बंद केलेली, म्हणजे सगळं पाणी मागून गेलं, मागची बाजू आखडली आणि पट्टी वाकली. आता मी तुकडा आणला की आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, पेन्सिलने त्याच्यावरच लिहून ठेवते आणि खाली दोन काड्या घालून पंख्याच्या हवेत ठेवते, चार-चार दिवसांनी परत वजन, आणि सलग दोनदा आकडा तोच आला की मगच करवत लावायची. आणि पॉलिश असो वा तेल, जेवढे हात समोरून तेवढेच मागून, हे अगदी पक्कं.

फुकटचं लाकूड म्हणून पॅकिंगच्या पेट्या-पॅलेटच्या फळ्या बरेच जण वापरतात, वापरा, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालतं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका.

कापताना आखलेल्या रेषेवरच करवत चालवू नका. पात्याची जाडी एक-दीड मिलीमीटर तरी खाते, म्हणून करवत नेहमी टाकाऊ बाजूला ठेवायची, नाहीतर फ्रेमच्या चार पट्ट्या चार मापाच्या होतात. स्क्रू लावायच्या आधी त्याच्यापेक्षा थोडं बारीक भोक पाडून घ्या, आणि ड्रिल करताना खाली एक फालतू तुकडा दाबून धरा म्हणजे मागून कपचे उडत नाहीत. कीचेनचं भोक कडेपासून निदान सात-आठ मिलीमीटर आत हवं, आणि लाकडाच्या रेषा कीचेनच्या लांबीने जाऊ द्या, आडव्या गेल्या तर खिशातच दोन तुकडे होतात.

आता नाव लिहायचं, ज्यासाठी एवढा खटाटोप. कोऱ्या लाकडावर मार्करने लिहिलं की शाई रेषांमधून पसरते आणि अक्षराला मिशा फुटतात, आधी वार्निशचा एक पातळ हात देऊन सुकवा आणि मग लिहा. गरम पेनने जाळून लिहिणार असाल तर वार्निश नको, कोऱ्यावरच जाळायचं, खिडकी उघडी ठेवून. इथे देवनागरीची एक गंमत कळली, शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबर जाते म्हणून टोक सरसर पळतं, पण काना ओढताना ते मऊ पट्ट्यात खोल जातं आणि कडक पट्ट्यावर अडकतं, त्यामुळे काना ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. उपाय एकच, काना हळू, दोन-तीनदा हलक्या हाताने, दाब न देता.

घासायचं काम अर्थातच नाव लिहायच्या आधीचं. पॉलिश पेपर 80 नंबरनंतर (नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक) एकदम 220 घेऊ नका, 80 चे ओरखडे तसेच राहतात आणि वार्निश लावल्यावरच उठून दिसतात. 80, 120, 180, 220, आणि नेहमी रेषांच्या दिशेने. शेवटी ओलं फडकं फिरवा, तंतू उभे राहतील, सुकलं की परत 220 हलकेच. फेविकॉल बाहेर आला तर तिथल्या तिथे ओल्या कापडाने पुसा, सुकल्यावर तो दिसत नाही पण त्या जागी रंग बसत नाही आणि फिकट डाग राहतो.

वडोदऱ्याजवळच्या संखेड्याच्या लाकडी झोपाळ्यासारखी चमक आणायची म्हणून लोक वार्निश जाड थापतात. ती चमक मुळात लाखेची असते, सागाचे दांडे लेथवर फिरवून चढवलेली, ती डब्यातल्या वार्निशच्या एका जाड हाताने येणार नाही, उलट ओघळ येतात. पातळ तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये एक अख्खी रात्र.

जवसाचं तेल लावलंत तर ते फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका, प्लीज. तेल सुकताना गरम होतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर उलगडून वाळत घाला. चमचा किंवा पोळपाट देणार असाल तर मोहरी-शेंगदाण्याचं तेल नको, खवट वास येतो, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन बरं.

आणि पॅकिंगची घाई करू नका. हाताला सुकलेलं वार्निश आतून मऊ असतं, वर्तमानपत्रात गुंडाळलं तर अक्षरं उमटतात. किमान आठवडा जाऊ द्या, मग नाक जवळ नेऊन वास घ्या, वार्निशचा वास येत असेल तर अजून दोन दिवस उघड्यावर ठेवा आणि वास गेला की गुंडाळा.