डोंगरातल्या गावात व्यसनमुक्तीचं आणि मनाच्या आरोग्याचं काम करताय? या चुका टाळा

व्यसनमुक्तीचा कार्यक्रम कसा होतो हे आता गावाला तोंडपाठ झालंय. शाळेच्या पटांगणात सतरंजी, एक माइक, तालुक्याहून आलेला पाहुणा, सडलेल्या यकृताचा एक फ्लेक्स. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची. शपथेनंतर चहा. पण ज्याने ती शपथ खरंच मनावर घेतली, त्याचं दुसऱ्या रात्री काय होणार, याचा विचार सतरंजी गुंडाळणाऱ्यांपैकी कोणीच केलेला नसतो.

हे लिहिताना डोळ्यासमोर पेठ आणि सुरगाणा आहेत. नाशिकच्या पश्चिमेचे, गुजरातच्या वेशीवरचे हे तालुके. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती, भात-नागली-वरईची शेती, आणि दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरणारी माणसं. मानसोपचाराचा डॉक्टर हवा असेल तर बहुतेक वेळा सावळघाट उतरून नाशिकच गाठावं लागतं. त्यामुळे शहरातल्या चुका इथे जास्त महागात पडतात. मी त्या पोस्टरच्या भाषेत नव्हे, तर घडतात तशा सांगतो.

सगळ्यात धोक्याची चूक: ‘आजपासून बंद’

रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली की सगळ्यांना आनंद होतो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला धरून चाललेलं असतं. ती अचानक तोडली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होतो: माणूस घोंगडीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतो, हवेतले धागे ओढतो, कोपऱ्यात कोणी उभं आहे म्हणून ओरडतो, आपल्याच बायकोला ओळखत नाही. अंग तापतं, छाती धडधडते. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

आता हेच दृश्य घरच्यांच्या नजरेने बघा. काल दारू सोडली, आज बाहेरचं लागलं. साहजिकच भगताकडे नेतात, रात्र तिथे जाते, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडतो. नंतर गावात एकच गोष्ट फिरते, ‘दारू सोडली आणि मेला.’ पुढची पाच वर्षं त्या पाड्यावर व्यसनमुक्तीचं नाव काढायची सोय राहत नाही.

यावर उपाय फार साधा आहे. शपथेच्या आधी एक प्रश्न विचारा: “दादा, सकाळी उठल्यावर हात कापतात का? आणि घोटभर घेतली की थांबतात का?” उत्तर ‘हो’ असेल तर त्याला शपथ देऊ नका, तारीख द्या. कोणत्या दिवशी दवाखान्यात जायचं, सोबत कोण येणार, मागे बैलांना चारा कोण घालणार, हे आधी ठरवायचं आणि मग दारू बंद. तोवर ‘कमी कर, पण एकदम तोडू नकोस, डॉक्टरला दाखवू’ असं सांगायला लाजू नका. व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्याने असं बोलावं का, म्हणून काही जण नाकं मुरडतात. मुरडू द्या. ज्याला पूर्वी कधी सोडताना आकडी आली असेल, त्याने तर घरी प्रयत्न करूच नये.

आकडी आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हटवा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी वस्तीपर्यंत येणार नसेल तर कोणत्या फाट्यावर भेटायचं ते फोनवरच ठरवा.

आणखी एक. दवाखान्यात गेल्यावर ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ एवढंच सांगतात, दारूचं लपवतात. असं करू नका. खूप पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं, आणि ग्लुकोज चढवण्याआधी ते देणं मेंदूच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं. डॉक्टरला दारूचं माहीत असेल तरच तो ते देईल.

जेवणातून गुपचूप औषध

‘पिणाऱ्याला न कळता दारू सुटेल’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात. बिचारी बायको पैसे साठवून पुडी आणते, भाकरीच्या पिठात कालवते. त्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, छाती भरून येते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं. त्या बाईवर मात्र ओरडू नका. तिने जे जमलं ते केलं. तिला पर्याय द्या: नवरा यायला तयार नसला तरी ती एकटी समुपदेशकाला भेटू शकते. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग मानतात.

भगताशी भांडण

शहरातून आलेला उत्साही कार्यकर्ता पहिल्याच भाषणात भगताची टर उडवतो आणि तिथेच काम संपतं. झोप उडालेली बाई, बोलेनासा झालेला पोरगा, ‘करणी केलीय’ म्हणणारा म्हातारा, हे सगळे आधी भगताच्या ओट्यावर येतात. तो त्यांच्याच बोलीत बोलतो, रात्री दार उघडतो आणि खालच्या दवाखान्यापेक्षा जास्त वेळ ऐकून घेतो. त्याच्याशी एवढंच ठरवून घ्या: तुमचं जे काय ते करा, पण आकडी, ताप घेऊन आलेली बडबड, जीव द्यायची भाषा, दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी खाली पाठवा. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ एकाच आवारात ठेवून हेच केलं गेलं.

पण चटके, मारहाण, ‘डाकीण’ ठरवणं आलं की तडजोड नाही. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलंय. मात्र कायदा सांगताना औषधाची वाटही दाखवा. साखळी काढा म्हणायचं आणि गोळ्या कुठे मिळतील ते सांगायचं नाही, हे घरच्यांना कसं पटेल?

बाटली आडवी झाली की काम झालं, असं समजणं

दारूबंदीच्या चळवळीबद्दल मला आदर आहे. महाराष्ट्रात ती बायकांनी ओढलीय. पेसा कायद्याने (१९९६) अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार दिला आहे. पेठ-सुरगाण्यातल्या गावांनी तो जरूर वापरावा. परवानाधारक दुकानासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान आहेच: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. तिथे एक मेख आहे. आडव्या बाटलीला केवळ आलेल्या मतांपैकी निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. जी बाई आली नाही तिचं मत दुकानदाराच्या खात्यात जमा. मतदान दिवाळीनंतर लागलं तर बायका द्राक्षांच्या छाटणीवर, डिपिंगवर (घड औषधात बुडवायच्या कामावर) गेलेल्या असतात. तारीख ठरतानाच हे बोला.

आणि बंदीनंतरचं गणित मांडून ठेवा. पलीकडे गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, त्यामुळे बंदीत बाटली कुठून कशी येते हे सीमेवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दुकान बंद झालं की काही जण सोडतात, काही दूर जाऊन पितात, आणि काही पिशवीतल्या बिनओळखीच्या दारूकडे वळतात. त्यात मिथेनॉल असेल तर प्यायल्यावर लगेच काही वाटत नाही. बारा-चोवीस तासांनी पोटात कळ येते, डोळ्यांपुढे धुकं येतं. ‘काल जास्त झाली’ म्हणून झोपवून ठेवू नका, तडक न्या. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसं गेली.

देवाला, पितरांना मोहाचे दोन थेंब वाहणं आणि सकाळी सहाला क्वार्टर लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भाषणात दोन्ही एकाच काठीने झोडपलं की म्हातारी माणसं उठून जातात, आणि ज्यांचं ऐकून तरुण थांबले असते तीच माणसं आपण गमावतो.

फक्त बापयांकडे बघणं

बायकांचं दुःख फ्लेक्सवर येत नाही. विचारलं तर ‘मन उदास आहे’ असं कोणी म्हणत नाही. अंग मोडून येतं, डोकं जड, काळीज धडधडतं, भूक मेली, पहाटे तीनला जाग येते. वेदनाशामक गोळीवर वर्षं निघतात. यात मशेरी येतेच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, दात दुखतात म्हणून लावायला घेतलेली, नंतर दिवसातून चार-पाच वेळा, गरोदरपणातही. आशाताईंना एवढंच सुचवा की अंगदुखीची तक्रार महिनाभर हटत नसेल तर झोपेचं आणि रडू येतं का ते विचारा. सगळ्यांसमोर नको, पाण्याच्या वाटेवर विचारा.

ऐकून घेणारं माणूस डॉक्टरच हवं असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्याच गावांत ‘आत्मीयता’ उपक्रमात गावातल्या माणसांना याचं प्रशिक्षण दिलं गेलं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशकांकडून, जास्त पिणाऱ्या पण अजून पूर्ण अवलंबून नसलेल्या पुरुषांशी मोजक्या बैठकींत बोलून घेतलं आणि त्याचा उपयोग झाल्याचं २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे ज्याचे हात सकाळी कापत नाहीत, त्याच्यासाठी गावातलाच शिकवलेला माणूस बरंच काही करू शकतो.

कॅलेंडर बघून कार्यक्रम

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन. त्या सुमारास इथे पाऊस लागलेला, भाताच्या आवणीची धावपळ. २ ऑक्टोबरचा सप्ताह पीक कापणीच्या तोंडावर. सभेला येणार कोण? शिमग्याला लोक गावी परततात, हातात बाहेरच्या कामाचे पैसे असतात, पिणंही वाढतं. तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत कामाचा हंगाम. शिवाय बागेवर असताना औषधं तुटतात. निघायच्या आधी पुढच्या गोळ्या आणि कागद सोबत द्या, आणि तिथला जवळचा सरकारी दवाखाना लिहून द्या.

जीव द्यायची भाषा आणि तणनाशकाची बाटली

‘असं विचारलं तर त्याच्या डोक्यात भरेल’ ही समजूत चुकीची आहे. “जीव द्यावासा वाटतो का रे?” असं सरळ विचारा. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. वेड घेऊन येणारी ती घटका टळली की अनेकदा माणूस वाचतो.

कोणी औषध पिऊन बसलाच तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि निघा. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस बोलतो, चालतो, ‘उलटीत पडून गेलं’ म्हणून घरी ठेवतात, आणि पुढे मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी होत जातात. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी होते, तीही थांबवा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर शिक्षेसाठी खटला चालवत नाहीत.

टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. व्यसनासाठी १४४४६. नुसते नंबर भिंतीवर रंगवू नका, कारण अर्ध्या पाड्यांत रेंज नसते. रेंज कोणत्या टेकाडावर येते ते गावाला माहीत असतं, पण तिथे चार पोरं मोबाइल घेऊन बसलेली असतात. आशाताईच्या किंवा शाळेच्या एका खोलीत बोलायची आडोशाची सोय होते का ते बघा.

सत्काराची घाई

दोन महिने न प्यायलेल्याला ग्रामसभेत शाल-नारळ देऊ नका. तो घसरला, आणि पहिल्या वर्षात बरेच जण एकदा तरी घसरतात, की तो त्या शालीच्या लाजेने लपून पितो आणि तुम्हाला बघून वाट बदलतो. बातमी कळली की दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना जा. कोणासोबत, कशानंतर, किती, एवढं विचारा. ‘तुला सांगितलं होतं’ हे वाक्य घरीच ठेवून जा. परत रोजची सुरुवात झाली असेल तर तोच सकाळच्या हातांचा प्रश्न, तीच तारीख. नाशिकला न्यायचं ठरलं तर पहिल्या एसटीने न्या, जुने कागद आणि आधार कार्ड सोबत. सरकारी ओपीडी दुपारी बंद होते, आणि तिथून रिकाम्या हाताने परतलेला माणूस पुन्हा घाट उतरायला सहसा तयार होत नाही.