लग्नाशिवाय जोडीदाराला परदेशी नेताय? या चुका टाळा

"साखरपुड्याचा अल्बम लावा की व्हिसाच्या फाईलला, एवढा खर्च केलाय," असं आमचे आण्णा म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं. सांगलीत विश्रामबागेतल्या कार्यालयात चारशे माणसांसमोर झालेला साखरपुडा. आपल्याकडे साखरपुडा म्हणजे निम्मं लग्नच. पण व्हिसाच्या नियमांत नुसत्या ठरलेल्या लग्नाला जवळजवळ किंमत नाही. तिथं दोनच गोष्टी विचारतात: लग्न झालंय का? नसेल, तर एका घरात नवरा-बायकोसारखे राहताय याचा कागद आहे का?

घोडं अडतं ते इथंच. सांगली-साताऱ्याकडची मुलं पुण्यात एकत्र राहतात, ती कुठं कागदावर येऊ नये याची काळजी घेऊनच. आम्हीही तेच केलं. मी सांगलीची, तो साताऱ्याचा, कोथरूडला एक फ्लॅट. घरच्यांना सांगितलेलं वेगवेगळे राहतो म्हणून, आणि घरमालक काकांना मावसभाऊ-बहीण म्हणून! पुढं त्याच काकांकडं "हे दोघं जोडप्यासारखे राहतात" असं पत्र मागायला जायची वेळ आली. ज्या गोष्टीचे पुरावे इतके महिने पुसत बसलो, तीच सिद्ध करायची होती.

आधी कॉलेज, मग जोडीदाराचा विचार

ही सगळ्यात महागडी चूक, कारण फी भरून झालेली असते. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसाबरोबर मिळणारा एफ-२ फक्त नवरा-बायकोला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना. सोबत राहणारा जोडीदार फार तर बी-२ या पर्यटक व्हिसासाठी अर्ज करू शकतो, त्यावर नोकरी नाही. जर्मनीतही कुटुंबाच्या व्हिसाला लग्न किंवा नोंदणीकृत जोडीदारी लागते.

ब्रिटनबद्दल अजून जुनी माहिती फिरते. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना पीएचडी, संशोधनावर आधारित पदव्युत्तर शिक्षण किंवा सरकारी शिष्यवृत्तीचा सहा महिन्यांहून मोठा कोर्स असेल तरच जोडीदार नेता येतो. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण एका वर्षाचं नेहमीचं एमएस्सी करतात. त्यांना लग्नाचा नवरासुद्धा नेता येत नाही, तिथं बाकीचं काय!

राहिले कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिलेल्या जोडीदाराला 'कॉमन-लॉ', म्हणजे लग्नाशिवायचा पण मान्य जोडीदार, धरतात. ऑस्ट्रेलियात अशाच 'डी फॅक्टो' नात्यालाही साधारण १२ महिने लागतात. ब्रिटनमध्ये, वरची अट बसत असेल तर, लग्नासारखं नातं किमान दोन वर्षांचं हवं. शनिवार-रविवारी शिवशाहीनं सांगली-पुणे करणं म्हणजे एकत्र राहणं नव्हे.

आणखी एक. जोडीदार येऊ शकतो म्हणजे त्याला काम करता येतं असं नाही. कॅनडानं २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराचं ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडं काम करायचा परवाना) १६ महिने किंवा जास्त मुदतीच्या मास्टर्सपुरतं, पीएचडीपुरतं आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं ठेवलं. एका वर्षाच्या डिप्लोमाला गेलात तर जोडीदार घरी बसणार, आणि खर्च दोघांचा.

अकरा महिन्यांचा करार

आपल्याकडं लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं करायची पद्धत. कॅनडाला हवेत बारा! एका करारात कधीच भागत नाही. करार नव्यानं करताना मध्ये महिनाभर 'तोंडी चालू' असं ठेवू नका. आमचा पहिला करार फक्त त्याच्या नावावर होता, म्हणजे कागदोपत्री त्या घरात मी राहतच नव्हते. करारात दोघांची नावं घाला आणि नोंदणी करा. महाराष्ट्रात ती बंधनकारकच आहे, आणि आता ऑनलाइन होते.

नाव नसेल तर दुसरे कागद गोळा करा. माझ्या कामी आलं माझ्या नावाचं वायफायचं बिल. संयुक्त बँक खातं उघडायला फार काही लागत नाही, पण ते आज उघडून उद्या अर्ज केला तर अधिकाऱ्यालाही कळतं. विम्यावर एकमेकांचं नॉमिनेशन, त्या पत्त्यावर आलेली पार्सलं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, हे सगळं तारखेनुसार लावा. आधारवर गावाकडचाच पत्ता असेल तर तसं का, ते एका पानात सरळ लिहा. लपवलं की संशय येतो, सांगितलं की बहुतेकदा मिटतं.

कॅनडासाठी आयएमएम ५४०९ हा एकत्र राहत असल्याच्या प्रतिज्ञेचा फॉर्म असतो. त्यातली तारीख करारातल्या तारखेशी जुळली पाहिजे.

"आधी मी जाते, मग तुला बोलावते"

म्हणून फॉर्मवर 'सिंगल' लिहायचं. असा सल्ला देणारे एजंट आहेत, मी स्वतः ऐकलाय. कॅनडात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं प्रवेश बंद. ऑस्ट्रेलियात जोडीदार नंतर येणार असला तरी त्याचं नाव विद्यार्थ्याच्या मूळ अर्जातच हवं, नाहीतर पुढं त्याच व्हिसावर त्याला आणता येत नाही.

पतसंस्थेतली ठेव

जोडीदाराचे पैसे वेगळे दाखवावे लागतात, ते शैक्षणिक कर्जात धरलेले नसतात. ऑस्ट्रेलिया जोडीदारासाठी वर्षाला १०,३९४ ऑस्ट्रेलियन डॉलर मागतं. ब्रिटनमध्ये लंडनबाहेर महिना ६८० पौंड, नऊ महिन्यांपर्यंत, म्हणजे ६,१२० पौंड, आणि ते सलग २८ दिवस खात्यात. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही, म्हणून तिथली ठेव वेळेत बँकेत आणा. तासगावच्या बेदाण्याचे किंवा उसाच्या बिलाचे पैसे एकदम जमा झाले असतील तर अडत्याची पट्टी, कारखान्याचं बिल जपून ठेवा.

घाईतलं कोर्ट मॅरेज

दोन्ही घरं राजी असतील आणि लग्न करायचंच असेल तर जरूर करून जा. कागदाच्या बाजूनं ते सोपंच. पण 'पुढच्या आठवड्यात कोर्ट मॅरेज करू' हे होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे दोघांपैकी एक त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, त्यानंतर नोटीस, आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं. ती नोटीस कार्यालयात लावतात. सांगलीसारख्या गावात ती कोण वाचेल आणि घरी फोन कधी जाईल, सांगता येत नाही. केवळ व्हिसासाठी लग्न मात्र करू नका. मोडायला व्हिसापेक्षा जास्त कागद लागतात.

समलिंगी जोडप्यांना हा पर्यायच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी एकत्र राहण्याचा पुरावा हाच मुख्य रस्ता, त्यामुळं कागद पहिल्या दिवसापासून जपलेले बरे.

आमचे अर्जाच्या वेळी दहाच महिने भरत होते. प्रवेश पुढच्या सत्राला ढकलला, नवा करार दोघांच्या नावानं केला, आणि घरी खरं सांगितलं. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत. त्याच्या साताऱ्याच्या आत्या मात्र म्हणाल्या, "मला काय माहीत नव्हतं व्हय?" दिवाळीला त्यांनी कोथरूडला कंदी पेढे कुरिअर केले होते. पावतीवर दोघांची नावं होती, पत्ता होता, तारीख होती. तिची झेरॉक्स फाईलला लावली.