डेडलिफ्टनंतर कंबर धरली? या चुका टाळा

जिममध्ये डेडलिफ्ट करताना, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उभं राहत उचलताना, कंबर धरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, परत कधी उचलता येईल?" कशामुळे धरली, हे विचारणारा क्वचित भेटतो. मी आता त्या प्रश्नाला उत्तर देतच नाही. उलट विचारतो, गेल्या महिन्यात वजन किती वेळा वाढवलंस आणि शेवटचे दोन रेप (एकेक उचल) कसे गेले? उत्तर देताना समोरचा खाली बघायला लागला की निम्मं कोडं सुटतं.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि इथे घाई केलेली चालते. लघवी अडत असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, दोन मांड्यांमधला भाग (सायकलच्या सीटला टेकतो तो) बधिर वाटत असेल, तर हा लेख सोडा आणि तडक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा. मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणं असू शकतात, आणि तिथे उशीर महागात पडतो. चालताना पाऊल लोंबकळत असेल, पायातली ताकद कमी होत चालली असेल, सोबत ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल किंवा पडून मार लागला असेल, तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्यांनी आणि बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही घरगुती उपाय करत बसू नये. आणि शाळा-कॉलेजातल्या पोराला मागे वाकताना सारखी कळ येत असेल तर "स्नायू आखडलाय" म्हणून सोडून देऊ नका. त्या वयात मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा जाऊ शकतो.

यातलं काही नसेल तर बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपसूक सुधारते. मधे आपण लुडबुड केली नाही तर.

आडवं पडायचं आणि उठून थेट जुन्या वजनावर जायचं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे एक पोरगा यायचा. अंगाने दणकट, डेडलिफ्ट १४० किलो, आणि त्याचा व्हिडिओ मोबाइलमध्ये कायम तयार. एका संध्याकाळी वॉर्म-अपच्या ६० किलोला त्याच्या कंबरेत उसण भरली. याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं, मला नाही. जड सेटला (सेट म्हणजे सलग काही रेप) माणूस श्वास भरतो, पोट आवळतो, पाय रोवतो. हलक्या सेटला शेजाऱ्याशी बोलत बोलत बार उचलतो.

तो घरी गेला आणि आडवा झाला. दोन आठवडे उठणं फक्त जेवायला आणि बाथरूमला. मधे कोणाच्या तरी सांगण्यावरून एमआरआय काढला. खालच्या मणक्यांमधल्या गाद्यांपैकी एक फुगलेली दिसली आणि घरात रडारड सुरू झाली. "गादी सरकली" हे दोन शब्द ऐकले की भलेभले खचतात.

मग दुखायचं थांबलं. थांबणारच, पडून राहिलेल्या कंबरेला दुखायला कारण काय? त्यासरशी साहेब जिममध्ये हजर. मी दुसऱ्या कोणाच्या तरी स्क्वॉटकडे (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) बघत होतो, वळलो तर याच्या बारवर १०० किलो. "सर, आज हलकंच करतोय." शंभर किलो १४०च्या मानाने हलके असतील, दोन आठवडे पलंगावर काढलेल्या कंबरेच्या मानाने नाहीत. दुसऱ्या रेपला बार खाली आणि हा गुडघ्यावर. या खेपेला कळ कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत उतरली आणि पायाला मुंग्या यायला लागल्या. पहिल्यांदा जे प्रकरण काही आठवड्यांत मिटलं असतं, ते महिन्यांवर गेलं.

यात बारपेक्षा पलंगाचा दोष जास्त. कंबरदुखीत पूर्ण विश्रांती घ्या असं डॉक्टर एके काळी सांगायचे, आता सांगत नाहीत. सहन होईल तेवढं हिंडत-फिरत राहणारा लवकर बरा होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली दिलेल्या सूचनांतही नव्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक आणि मसाज यांसारखे साधे उपाय ठेवले आहेत. पहिले एक-दोन दिवस फारच कळ असेल तर पडा, पण तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात का होईना, फेऱ्या मारा.

दुसरा दोष त्या रिपोर्टच्या धसक्याचा. ज्यांना अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या मणक्यांचे फोटो तपासलेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली आणि ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हेच आकडे ९६ आणि ८४ टक्क्यांवर जातात. म्हणजे फुगलेली गादी घेऊन मजेत वजन उचलणारे तुमच्याच जिममध्ये असणार, त्यांनी फक्त एमआरआय काढलेला नाही. रिपोर्ट फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण तो लक्षणांशी जोडून कोणी जाणत्याने वाचायचा असतो, घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवायचा नसतो.

परत सुरू करताना मी पोरांना काय करायला लावतो ते सांगतो. यात शास्त्र थोडं आणि सवय जास्त. खुर्चीतून उठता-बसताना कळ येत नाही, इतपत झालं की हातात बार नाही, काठी. काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकलेली हवी. आता गुडघे जरासे सैल सोडून कुल्ले मागे ढकलायचे. तीनपैकी एक जागा सुटली तर तू कमरेतून वाकलास, कुल्ल्यांतून नाही. हे जमेपर्यंत २० किलोच्या रिकाम्या बारलाही हात लावू देत नाही. पोरं वैतागतात. मग रिकामा बार, तोही गुडघ्यापर्यंतच. वजन इतकंच वाढवतो की उचलणाऱ्याला माझा राग यावा.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा अशी मोजणी धरली तर करताना तीनपर्यंत चालतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना वाढलेलं नसावं. सकाळी कंबर कालपेक्षा जास्त बोलत असेल तर कालचं जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. आणि कळ पायात आणखी खाली सरकायला लागली तर कमरेतलं दुखणं कमी झालं म्हणून खूश होऊ नका. ती चुकीच्या दिशेने चाललीय, फिजिओला दाखवा.

तो पोरगा पुढे १४०ला परत पोचला. वॉर्म-अपला अजून गप्पाच मारतो.

छोट्या प्लेट लावून जमिनीवरून ओढायचं

ही चूक कोणाला चूक वाटतच नाही, म्हणून जास्त वात आणते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो. ती लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर, साधारण नडगीच्या मध्याजवळ येतो. व्हिडिओत जी डेडलिफ्ट बघून तुम्ही शिकता ती या उंचीवरची असते. नवखा माणूस सुरुवातीला कमी वजन घेतो, जिममध्ये पाच-दहा किलोच्या प्लेट लोखंडी आणि छोट्या असतात, आणि बार जवळजवळ घोट्यापर्यंत खाली जातो. म्हणजे ज्याला वाकायचं अजून कळत नाही, त्यालाच सगळ्यात खालून ओढायला लावायचं! कुल्ल्यांची हालचाल संपते, मग उरलेलं अंतर पाठ गोल करून भरून निघतं. आणि बाजूला उभा असलेला मित्र ओरडतो, "पाठ सरळ ठेव!" कुठून ठेवणार?

उपाय साधा. बारच्या दोन्ही टोकांच्या प्लेटखाली ठोकळे ठेवा किंवा आडव्या प्लेट रचा, बार नडगीच्या मध्यावर आणा. तिथूनही पाठ गोल होत असेल तर गुडघ्याच्या जरा खालपर्यंत चढवा, रॅकच्या पिनांवर ठेवला तरी चालेल. "मग पूर्ण डेडलिफ्ट कुठे झाली?" असं हमखास कोणीतरी विचारतं. साडेबावीस ही उंची प्लेटच्या मापातून आलीय, तुमच्या पायांच्या लांबीवरून नाही. स्पर्धेत उतरायचं नसेल तर तिला इतका मान द्यायचं कारण नाही.

पाठ गोल होण्याबद्दलही अतिरेक चालतो. जराशी वाकली की मणका गेला, असं काही नसतं. दगडी गोळे उचलणारे स्ट्राँगमॅन गोल पाठीनेच उचलतात, आणि ते त्यासाठी वर्षानुवर्षं तयार झालेले असतात. मला खटकतं ते वेगळंच: सरळ पाठीने सुरुवात आणि बार जमिनीवरून सुटला की मधेच गोल. याचा अर्थ ते वजन तुमच्या आवाक्यातलं नाही. शेवटच्या रेपला असं झालं तर तो रेप मोजू नका. मी मोजत नाही.

लेग प्रेस म्हणजे कंबरेला आराम, हा समज

कंबर दुखते म्हणून स्क्वॉट सोडून लेग प्रेसवर (बसून पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर) येणारे बरेच. कल्पना वाईट नाही. पण मग तिथे प्लेटांची थप्पी लावायची आणि गुडघे छातीला लागेपर्यंत खाली यायचं. तळाशी बूड सीटवरून उचललं जातं, कंबर गोल होते आणि सगळा भार नेमका त्या क्षणी तिथे पडतो. शेजाऱ्याला सांगा, बाजूने बघ, माझं बूड सुटतंय का? ज्या खोलीवर सुटतं त्याच्या चार बोटं आधी थांबायचं. वजन निम्मं करावं लागेल, करा.

बेल्ट आवळला की काम झालं

बेल्ट कंबर धरून ठेवत नाही. तुम्ही पोटात श्वास भरून त्याच्यावर चहूबाजूंनी दाब द्यायचा, त्या दाबाने मधला भाग ताठ राहतो. श्वास भरायचा नसेल तर बेल्ट म्हणजे नुसतं चामडं. आधी बिनबेल्टचं पोट आवळायला शिका. आणि श्वास रोखून उचलताना रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे ज्यांना तो त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रकार करू नये. पाणी प्यायला जातानाही बेल्ट घालून फिरणाऱ्यांबद्दल मी बोलणं सोडून दिलंय.

दुखऱ्या कंबरेने पायाची बोटं धरायची

वाकल्यावर दुखणाऱ्या कंबरेला दिवसातून दहादा वाकवून "मोकळी" करायची, हा लाडका उद्योग. ताणल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा ताणतो, आणि कंबर काही शांत होत नाही. त्यातही सकाळी उठल्या उठल्या हे करू नका. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण एखादा सेंटीमीटर उंचही असतो, आणि त्या वेळी वाकल्यावर गाद्यांवर ताण जास्त येतो. पहिला तासभर खोल वाकणं टाळा, जड डेडलिफ्ट तर नकोच.

त्याऐवजी कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात अनेक वर्षं मणक्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी प्रचारात आणलेले तीन व्यायाम करा: पाठीखाली हात ठेवून डोकं-खांदे किंचित उचलणं, साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं), आणि हाता-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं, म्हणजे बर्ड डॉग. प्रत्येक वेळी दहाएक सेकंद धरायचं, मग सोडायचं. हे इतकं कंटाळवाणं आहे की बहुतेक जण आठवड्यात सोडतात आणि मग "फरक पडला नाही" म्हणून सांगत फिरतात.

बाकीच्या, पटापट

दुखणं दाबायची गोळी घेऊन व्यायामाला येऊ नका. कंबर "थांब" म्हणते ते ऐकू येत नाही, पोटाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

व्यायामानंतर दोन्ही बाजूंना सारखी, पसरट ठणक एक-दोन दिवसांनी वाढली आणि मग ओसरली तर ते स्नायूंचं दुखणं, घाबरू नका. एका जागी सुरीसारखी कळ आली तर सेट तिथेच थांबवा, "एवढा एक रेप" नको.

डेडलिफ्ट वर पोचली की मागे झुकायचं नाही. सरळ उभं राहिलात की रेप संपला. खांद्यावरच्या प्रेसलाही (बार डोक्यावर ढकलण्यालाही) तेच, कमान करून उचलायला लागलात की वजन जास्त आहे.

सव्वा किलोच्या प्लेट असतात. वापरत जा.

पळायचे मऊ बूट घालून स्क्वॉट नको, सपाट तळव्याचे घाला.

आणि सगळं नीट करून शेवटी प्लेट जागेवर ठेवताना एका हाताने, कमरेत वाकून आणि पिळवटून २० किलो उचलू नका. बारसमोर जसे उभे राहता तसेच प्लेटसमोर उभे राहा, दोन्ही हातांनी उचला, आणि वळायचं असेल तर पाय वळवा.