बुटात सुरी ठेवायची तर बूट कसा निवडावा

बुटात सुरी म्हटलं की लोकांना सिनेमातला गुंड आठवतो. प्रत्यक्षात ती लागते ठिबकची नळी कापणाऱ्याला, काजूच्या बागेत वेली छाटणाऱ्याला, नाहीतर जनावराच्या गळ्याला पीळ बसलेली दोरी पटकन तोडावी लागते त्याला. वाकून काम करताना कमरेची सुरी पोटात टोचते आणि खिशातली मांडीला लागते, म्हणून ती पायाशी जाते. बहुतेक जण आधी सुरी घेतात आणि मग ती मावेल असा बूट शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी पायाला आणि रानाला मानवणारा बूट घ्यावा, मग त्यात बसेल तेवढीच सुरी. मारामारीत कामी येईल म्हणून कुणी ठेवणार असेल, तर त्याच्यासाठी हा लेख नाही.

आधी कायदा बघा

२०१६ च्या शस्त्र नियमांत पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं की ते शस्त्रात मोडतं. घरकाम आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. बुटात राहणारी सुरी मुळातच आखूड असते, त्यामुळे इथे सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती दुसरीकडे. निवडणूक असो, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आणि त्याच दिवशीचा मराठी भाषकांचा काळा दिवस असो किंवा गावात तणाव असो, प्रशासन जमावबंदी लावतं आणि त्या आदेशात चाकू-सुरी बाळगायलाही मनाई असते. आपल्या बेळगाव सीमाभागात तर कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांचे दोन आदेश असू शकतात. निपाणीत चालत असलेलं कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेल्यावर चालेलच असं नाही. गावात शिरताना सुरी बुटातून काढून अवजारांच्या पिशवीत टाकावी, हे बरं.

खानापूरकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. वन्यजीव कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे, सुरीही त्यात येते. लेखी परवानगीशिवाय ती घेऊन भीमगड अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. तुमची बाग अभयारण्याच्या कडेला असेल तर हद्द नेमकी कुठे आहे ते वनरक्षकाला विचारून घ्या.

बुटाची उंची

साधा हिशेब असा. कामाच्या सुरीचं पातं ३ ते ४ इंच, मूठ धरून एकूण ७-८ इंच. म्यानाचं टोक घोट्याच्या हाडाच्या वर राहायला हवं, नाहीतर प्रत्येक पावलाला ते हाडावर आपटतं. त्यामुळे तळव्यापासून ८ इंच उंचीच्या बुटातही सुरीची मूठ बाहेर डोकावते. तशी ती दोन बोटं बाहेर असावीच, नाहीतर हातात कशी येणार? पण चार बोटं बाहेर आली तर उसाच्या पाल्यात, घाणेरीच्या झुडपात अडकणार. म्हणून ८ ते १० इंचांचा बूट आणि एकूण ७ इंचांच्या आतली सुरी, ही जोडी जमते. १०-१२ इंचांचा बूट थोडा जड पडतो, पण सुरी त्यात नीट बसते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत वापरतात ते घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूज स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण या कामासाठी ठेंगणे. अथणीच्या कोल्हापुरी पायताणाबद्दल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही, पण सुरी मग कमरेलाच.

कड आणि नळी (पोटरीभोवतीचा भाग)

इथे घाई करू नका. म्यानाची क्लिप बुटाच्या वरच्या कडेला धरते, म्हणून ती कड बोटांत धरून दाबून बघा. दोन पदरी चामडं किंवा जाड कॅनव्हास असेल तर क्लिप घट्ट बसते. कडेला मऊ फोम भरलेला असेल तर तो पायाला सुखाचा वाटतो, पण क्लिप त्यावर डुगडुगते. बाजूला इलॅस्टिकची पट्टी असलेले बूट मी तरी घेणार नाही. क्लिप बसते ती नेमकी त्या पट्टीवर, आणि काही दिवसांत पट्टी सैल होते. चेनवाला बूट आवडला तर चेन आतल्या बाजूला असलेला बघा, म्हणजे बाहेरची बाजू मोकळी राहते.

नाडीचा बूट सगळ्यांत बरा, कारण वरची दोन-तीन भोकं हवी तेवढी ढिली ठेवता येतात आणि खाली पाय घट्ट राहतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे फौजेतून निवृत्त झालेला एखादा काका प्रत्येक गल्लीत सापडतो. उंच बुटाची नाडी कुठे आवळायची आणि कुठे सोडायची, हे त्यांच्याकडून शिकावं.

गमबूट मात्र वेगळा विषय. उसाच्या फडात घोणसीची भीती असते, म्हणून तिथे गमबूट हवाच. पण त्याची रबरी कड ताणली जाते आणि चालताना पोटरी आत वर-खाली होते, तशी सुरीही हळूहळू वर सरकते आणि एखाद्या सरीत पडून जाते. गमबुटात सुरी ठेवूच नका.

दुकानात करायची परीक्षा

संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. रानात घालता तेच जाड मोजे घाला. रिकामं म्यान सोबत न्या, सुरी नको. उजव्या हाताने काम करत असाल तर म्यान उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला लावा. आतल्या बाजूला लावलं तर दुसरा पाय त्याला घासतो. शिवाय डाव्या पायाने मोटारसायकलचा गियर टाकावा लागतो, म्हणून तो पाय मोकळा असलेला बरा.

आता उकिडवे बसा. पोटरी फुगते, बुटाची नळी ताणली जाते आणि म्यान नडगीकडे किंवा मागे ढकललं जातं. मिनिटभर तसेच बसा. कुठे टोचतंय का, पायाला मुंग्या येताहेत का? मग उठून दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढा-उतरा. म्यान जागचं हललं असेल तर तो बूट परत द्या. दुकानदार कितीही ‘चामडं बसेल हळूहळू’ म्हणाला तरी ऐकू नका. चामडं सैल होतं, आणि सैल झाल्यावर म्यान आणखी हलतं.

बूट पसंत पडला पण कड पातळ असली, तर बूट शिवणाऱ्या मामांकडून बाहेरच्या अंगाला आतून चामड्याची एक पट्टी शिवून घ्या. क्लिप तिच्यात ओवता येते. टाके मेणाच्या दोऱ्याचे घालायला सांगा.

म्यान कडक प्लॅस्टिकचं आणि टोकापर्यंत बंद असावं. कापडी म्यानातून पातं कधी बाहेर येईल याचा नेम नाही. पातं एकधारी घ्या. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या सुरीचं शेतात काही काम नाही, आणि पोलिसांनी विचारलंच तर सांगायलाही काही उरत नाही.

पावसाळ्यात

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस बुटात शिरतोच. रोज घरी आल्यावर सुरी काढून पुसा, पात्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, चुलीजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. म्यान उलटं टांगून ठेवा, म्हणजे तळाला साचलेलं पाणी निथळून जातं.