कापूस खरेदीच्या नोंदी: एआय एजंटचा लिहिण्याचा हक्क असा आवळला

आमच्या यवतमाळकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीत एआय एजंट काटापावतीचे फोटो वाचून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नोंद टाकतो. नेट तुटलं की तीच पावती पुन्हा टाकायचा. शेतकऱ्याच्या नावावर वजन दुप्पट. 'दुबार टाकू नकोस' ही सूचना पुरत नाही, हक्कच काढावा लागतो.

एजंटसाठी वेगळा युजर केला. मूळ टेबलांवर फक्त सिलेक्ट (वाचणं); इन्सर्ट (नवी नोंद टाकणं) एकट्या 'कच्ची नोंद' टेबलावर. अपडेट, डिलीट कुठेच नाही. केंद्र आणि पावती क्रमांक मिळून युनिक (तीच जोडी पुन्हा चालत नाही), म्हणून दुसरा प्रयत्न डेटाबेसच परत पाठवतो. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की नोंद थांबते. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) त्यापुढचा कापूस घेत नाही. मापारी फोटोशी वजन ताडतो, मगच नोंद पक्की.

'डिफॉल्ट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली' या फक्त-वाचनाच्या सेटिंगवर विसंबू नका. एजंट 'सेट' आदेश लिहून ते स्वतःच बंद करू शकतो. त्याहून घातक 'सिक्युरिटी डिफायनर' फंक्शन (डेटाबेसमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम): ते चालवणाऱ्याच्या नाही, फंक्शनच्या मालकाच्या हक्काने चालतं, आणि चालवायची मुभा मुळातच सगळ्यांना असते. ती पब्लिककडून, म्हणजे सगळ्या युजरांकडून, रिव्होक करा (काढून घ्या). टेबलात सीरियल कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) असेल तर तो क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सवर युसेज (वापराचा हक्क) द्या, नाहीतर इन्सर्टच अडतो.